रेव्हनलॉफ्टचे नवे पुस्तक: साधने भरपूर, नकाशा गायब

जुन्या खेळाचे विश्व नव्याने बाजारात आणणाऱ्या प्रकाशकाच्या दारात दोन प्रकारची गिऱ्हाइके उभी असतात: एकाला त्या विश्वातली गावेसुद्धा तोंडपाठ असतात, तर दुसऱ्याने त्याचे नावही ऐकलेले नसते. फासे टाकत, पात्रांच्या भूमिका करत टेबलाभोवती खेळायच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची मालकी असलेल्या विझार्ड्स ऑफ द कोस्टने २०१९पासून एबेरॉन, रेव्हनलॉफ्ट, स्पेलजॅमर, ड्रॅगनलान्स आणि प्लेनस्केप ही आपली जुनी विश्वे एकामागून एक बाहेर काढली. त्यांपैकी मे २०२१ मध्ये आलेल्या ‘व्हॅन रिक्टेन्स गाइड टू रेव्हनलॉफ्ट’ या २५६ पानांच्या पुस्तकात या दोन गिऱ्हाइकांमधली निवड सर्वांत उघडपणे केलेली दिसते. पुस्तक नव्या खेळाडूच्या बाजूने उभे राहते आणि त्याला जे देते ते अव्वल आहे. मात्र त्याची किंमत जुन्या खेळाडूच्या खिशातून वसूल केली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुळात रेव्हनलॉफ्ट हे विश्व नव्हते, ते एका गडाचे नाव होते. खेळाची तेव्हाची प्रकाशक असलेल्या टीएसआर कंपनीने १९८३ साली ट्रेसी आणि लॉरा हिकमन या दांपत्याचे ३२ पानी साहस, म्हणजे खेळायला तयार कथानक, याच नावाने प्रसिद्ध केले. त्या काळी खेळातला राक्षस हा बहुधा एखाद्या खोलीत मारला जाण्याची वाट पाहत बसलेला असे. इथला व्हॅम्पायर काउंट स्ट्राड मात्र स्वतःचे हेतू बाळगून होता, खेळाडूंच्या मागावर येत होता, आणि पत्ते मांडून सांगितलेल्या भविष्यावरून त्याचा हेतू काय व त्याच्याविरुद्धची शस्त्रे कुठे दडली आहेत हे दरवेळी नव्याने ठरत असे. १९९० च्या बॉक्स सेटने या एका गडाभोवती भयप्रदेशांची मालिका उभी केली. प्रत्येक प्रदेशाला एक डार्कलॉर्ड, म्हणजे स्वतःच्या पापामुळे धुक्याने वेढलेल्या मुलुखात अडकलेला अधिपती. बाकी सगळ्यांवर त्याची सत्ता, पण वेशीबाहेर पाऊल टाकायची त्याला मुभा नाही. पुढे १९९७ मध्ये टीएसआर विझार्ड्सकडे गेली, मधल्या काळात परवान्यावर दुसऱ्या प्रकाशकाने रेव्हनलॉफ्टची पुस्तके काढली, आणि २०१६ मध्ये ‘कर्स ऑफ स्ट्राड’ने फक्त स्ट्राडचा प्रदेश बरोव्हिया परत आणला. बाकीच्या प्रदेशांची दारे उघडायला २०२१ उजाडावे लागले.

उघडल्यावर दिसते ते असे की, जुन्या नकाशाच्या मध्यभागी एकमेकांना चिकटून असलेले देश, ज्यांना जुने खेळाडू ‘कोअर’ म्हणत, ते आता सुटे झाले आहेत. प्रत्येक प्रदेश धुक्यात तरंगणारे स्वतंत्र बेट आहे, आणि एकातून दुसऱ्यात जायचे तर धुक्याच्या मर्जीवर किंवा त्या प्रदेशाशी नाते असलेल्या एखाद्या खास वस्तूच्या जोरावर जावे लागते. नव्या डंजन मास्टरला, म्हणजे खेळ चालवणाऱ्या डीएमला, ही सोय मोठी आहे. त्याला चाळीस वर्षांचा इतिहास वाचायला नको. एक प्रदेश उचलावा, धुके पसरावे, पात्रांना आत लोटावे, आणि शनिवारची रात्र साजरी करावी. पण शेजार गेला की शेजाराबरोबरचे व्यापार, तह, वैर आणि पळून आलेले निर्वासितही जातात. पुस्तकात प्रदेशांचे सुटे नकाशे आहेत, परंतु ते सगळे एकत्र दाखवणारा नकाशा नाही, आणि या रचनेत तो असणेही शक्य नाही.

फाल्कोव्हनियाचे उदाहरण घेतले तर लाभ आणि तोटा दोन्ही नेमके कळतात. जुन्या फाल्कोव्हनियाचा क्रूरकर्मा व्लाड ड्राकोव्ह शेजारच्या डार्कॉनवर पुन्हा पुन्हा चाल करून जाई, आणि दरवेळी डार्कॉनमधले मुडदे उठून त्याच्या फौजेचा धुव्वा उडवत. नव्या पुस्तकात डार्कॉन शेजारी उरलेलाच नाही. ड्राकोव्हच्या जागी व्लाडेस्का ड्राकोव्ह ही सेनानी आली आहे आणि तिच्या मुलुखावर मुडद्यांच्या लाटांमागून लाटा येत आहेत. जुन्या हास्यास्पद मोहिमांचे हे उलटे रूप जाणकाराला ओळखू येते आणि गंमत वाटते. टेबलावरही हा प्रदेश उत्तम चालतो, कारण धान्य कुणाला द्यायचे, कुठली वस्ती सोडून द्यायची, असे प्रश्न पात्रांपुढे पहिल्याच तासात येतात. तरीही दोन राज्यांमधले ते निरर्थक, अनेक वर्षे चाललेले युद्ध, ज्याच्या कडेकडेने हेर, तस्कर आणि पळपुटे सैनिक यांच्या कथा रचता येत, ते इथे उरलेले नाही.

सतरा प्रदेशांना सविस्तर आणि इतर अनेकांना परिच्छेदापुरती जागा मिळाली आहे. त्यांत रिशमुलो या उंदरांच्या साथीच्या प्रदेशाची पाने २०२१ मध्ये वाचताना अंगावर काटा येत असे तो निराळ्याच कारणाने. श्रीमंतीचे सोंग घेऊन जगणाऱ्या माणसांचा डेमांलियू हा मला सर्वांत कसदार वाटला. काही प्रदेश मात्र नुसते सूचक आहेत.

आपल्याकडच्या वाचकाची नजर साहजिकच कलाकेरीवर जाईल. १९९० च्या दशकातल्या रेव्हनलॉफ्टमध्ये ‘श्री राजी’ नावाचा भारतीय धर्तीचा प्रदेश होता: घनदाट जंगल, कालीचा रक्तपिपासू पंथ आणि डार्कलॉर्डच्या गादीवर अरिजानी नावाचा राक्षस. परदेशी चित्रपटांतून उचललेला हिंदुस्थान जसा असायचा, तसाच तो होता. नव्या लेखकांनी तो मोडून कलाकेरी उभारली आणि गादीवर महाराणी रम्या हिला बसवले. अरिजानी आता तिचा बंडखोर भाऊ आहे आणि रीवा ही तिसरी दावेदार बहीण. तिघेही एकदा मेलेले आणि भयंकर रूपात परतलेले, आणि तरीही सिंहासनाचा हिशेब चुकता झालेला नाही. भाऊबंदकी ही काय चीज आहे हे मराठी टेबलावर कुणाला समजावून सांगावे लागत नाही, त्यामुळे खेळाडू पहिल्या बैठकीतच पक्ष निवडून मोकळे होतात. यातली सर्वांत चांगली गोष्ट अशी की, भयाचा उगम परक्या देवतेच्या पूजेत न शोधता घराण्यातल्या विश्वासघातात शोधला आहे. उणीव एवढीच की दरबाराबाहेरची कलाकेरी फारशी दिसत नाही. तिथला कोळी काय खातो, कर कुणाला भरतो आणि तीन फौजांपैकी कुणाच्या भीतीने रात्री दिवा मालवतो, हे डीएमने स्वतः भरायचे आहे.

आणि ते भरायचे कसे, हे शिकवणारा दुसरा अध्याय म्हणजे या पुस्तकाचा प्राण आहे. नवा भयप्रदेश घडवण्यासाठी हा अध्याय नकाशापासून सुरुवात करत नाही, डार्कलॉर्डपासून करतो: त्याने कोणते पाप जाणूनबुजून केले, त्याला हवे काय, आणि ते त्याला कायमचे कसे नाकारले गेले आहे. ही पद्धत कितपत चालते हे पाहण्यासाठी कोकणातला एक काल्पनिक खोत घेऊन बघू. कोरड्या पडलेल्या वर्षी त्याने गावची विहीर स्वतःच्या गडग्याच्या आत घेतली आणि पाणी मागायला आलेल्या सख्ख्या भावाला दारातून परत लावले. आता त्याच्या प्रदेशात पाऊस थांबत नाही, पागोळ्या अखंड गळतात, भाताचे कोंब उभ्या लोंबीवर फुटतात, आणि त्याच्या घशाखाली मात्र एक थेंब उतरत नाही. एवढे ठरल्यावर गावाचे वागणे आपोआप ठरते: नव्या पाहुण्याला पाणी विचारायचे नाही, विहिरीकडे पाठ करून चालायचे, आणि कारण कुणी सांगायचे नाही. पुस्तक याला लोकभयाचा प्रकार म्हणते आणि त्याच्या शेजारी देहभय, विश्वभय, भूतकथा, गोथिक भयकथा असे इतर प्रकार ठेवून प्रत्येकासाठी राक्षस, प्रसंग आणि कथासूत्रांचे तक्ते देते. इतके कामाचे लेखन ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पुस्तकांत क्वचित सापडते.

खेळाडूंसाठीच्या पहिल्या अध्यायात व्हॅम्पायरचा अंश असलेला डॅम्पिर, चेटकिणीच्या जादूतून घडलेला हेक्सब्लड आणि मरून परतलेला रीबॉर्न ही तीन कुळे आहेत. त्याहून मला रुचले ते ‘डार्क गिफ्ट्स’, म्हणजे लाभाबरोबर शाप घेऊन येणारी देणगी. स्पर्शाने शत्रूला मारता येणे हे वरदान वाटते, पण कुणी आपल्याला कवटाळले तर त्याचाही देह त्याच स्पर्शाने पोळतो. चौथ्या अध्यायातले भीतीचे आणि ताणाचे नियम साधे आहेत. ताणाचा अंक जेवढा वाढेल तेवढा तो फाशांतून वजा होतो, म्हणून खचलेले पात्र खरोखरच खचलेले खेळते. पात्रांच्या भयाला वेडाचे नाव देणारे जुने तक्ते टाकून दिले, हे योग्यच झाले. खेळाआधी सर्वांनी बसून कोणते विषय टेबलावर नकोत हे ठरवावे, यावर पुस्तकाने बरीच जागा खर्च केली आहे. काही जुन्या खेळाडूंना ही नाजूकता वाटते. परंतु भयकथेत समोरच्याला कुठवर न्यायचे हे माहीत नसलेला डीएम रंगाचा बेरंग करतो, हे कुणीही नाकबूल करणार नाही. भटक्या व्हिस्तानी लोकांच्या चित्रणातला रोमा समाजाविषयीचा जुना, ओंगळ साचा पुसून टाकणे हा याच भानाचा भाग आहे, आणि तो फार आधी पुसायला हवा होता.

एक तक्रार मात्र राहते. डार्कलॉर्ड्सना स्वतःचे पूर्ण स्टॅट ब्लॉक, म्हणजे लढाईला लागणाऱ्या आकड्यांचे तक्ते, नाहीत. मूळ राक्षसपोथीतला अमुक घ्या, तमुक वापरा, एवढेच सांगितले आहे. डार्कलॉर्डला तलवारीने संपवणे हा कथेचा उद्देश नव्हे, हे लेखकांचे म्हणणे समजू शकते. पण खेळाडू तलवार उपसणारच, आणि त्या क्षणी रम्या व राक्षसपोथीतला एखादा अनामिक डेथ नाइट यांत फासे काहीच फरक करत नाहीत.

पैशांचा विचार केला तर २०२१ मध्ये पुस्तकाची छापील किंमत ४९.९५ डॉलर होती. पुढच्याच वर्षी आलेल्या स्पेलजॅमरच्या संचात ६४ पानांची तीन पुस्तके ६९.९९ डॉलरना होती, आणि जहाजांच्या लढाईसाठी नाव कमावलेल्या त्या विश्वात जहाजांच्या लढाईचेच नियम तोकडे होते. त्या तुलनेत रेव्हनलॉफ्टचे पान न् पान वसूल होते. ज्यांना जुना नकाशा आणि त्यावरची भांडणे हवी आहेत, त्यांनी टीएसआरच्या काळातल्या साहित्याच्या अधिकृत पीडीएफ डीएम्स गिल्ड या संकेतस्थळावरून घेऊन या पुस्तकाला जोडाव्यात. नियमांची मोडतोड थोडी करावी लागते, पण प्रदेश पुन्हा एकमेकांना भिडतात.

नव्या डीएमने सुरुवात पुस्तकातल्याच ‘हाउस ऑफ लॅमेंट’ या साहसाने करावी. पहिल्या ते तिसऱ्या पातळीच्या पात्रांसाठीचे हे मॉर्डेंट या भयप्रदेशातले झपाटलेले घर आहे आणि त्यात पात्रांना मृतांशी संवाद साधायला बसावे लागते. त्यासाठी छापलेला अक्षरपट इंग्रजी आहे. मराठीतून खेळवताना उत्तरे आधीच दोन-तीन अक्षरी निवडून ठेवावीत, नाहीतर भुताला जोडाक्षरे लिहिता लिहिता अर्धी रात्र सरते.