प्रचारफेरीसाठी खांद्यावरचा भोंगा: २५ वॅट, वेगळा माइक

गल्लीतल्या कोपरासभेला हा भोंगा उत्तम. पन्नासेक माणसांपर्यंत उमेदवाराचा शब्द न् शब्द पोचतो. हमरस्त्यावर मात्र गाड्यांच्या आवाजात विरतो. दीड व्होल्टचे ८ मोठे सेल लागतात. बदलायचे तर सगळे एकदम बदला. एखादा जुना राहिला की तो आधी बसतो, आवाज चिरकतो, पुढे सेल गळून आतल्या पट्ट्या गंजतात. माइक तोंडापासून चार बोटं लांब धरावा. भोंग्याच्या तोंडासमोर गेला की कर्कश शिट्टी वाजते, म्हणून भोंगा घेतलेल्या कार्यकर्त्याने उमेदवाराच्या मागे नव्हे, पुढे चालावं. खरी खोट एकच: सायरनचं बटण बोलण्याच्या बटणाला खेटून आहे. त्यावर जाड चिकटपट्टी लावाच. दारात बोलताना भोंगा बंद हवा. आत तान्हं मूल झोपलेलं असतं.