हंगामी भाजीची टोपली: दिवाळी ते श्रावण वापरून

दिवाळीपासून आम्ही वर्गणी भरून दर आठवड्याला हंगामी भाजीची टोपली घरपोच घेतो. या आठवड्याच्या बिलात एक ओळ आहे: कोथिंबीर, ५० ग्रॅम, २५ रुपये. साडेचारशेची टोपली घेणाऱ्या गिऱ्हाइकाला चार काड्या वर टाकता येत नाहीत? आमच्या कोपऱ्यावरच्या मावशी वीस रुपयांची गवार घेतली तरी दोन मिरच्या न मागता पिशवीत टाकतात. तेव्हा आजवरचा सगळा अनुभव लिहूनच टाकतो. कंपनीचं नाव घेत नाही, पुण्यात अशा टोपल्या देणारे बरेच आहेत.

सुरुवात झकास होती. थंडीत पावटा, वालपापडी, मेथी, हरभऱ्याचे घाटे, कोवळी वांगी. भोगीच्या आठवड्यात तर वेगळं काही आणावंच लागलं नाही, तीळ आणि बाजरीचं पीठ घरात होतंच. भोगीची भाजी म्हणजे त्या दिवसांत शेतात जे उभं असतं त्याचीच भाजी, हे टोपली समोर ओतल्यावर नीट दिसलं. मटाराचा फरक सगळ्यात जास्त जाणवला. तोडल्यापासून त्यातल्या साखरेचा स्टार्च व्हायला लागतो, त्यामुळे आदल्या दिवशी तोडलेला आणि चार दिवस ट्रकमध्ये फिरलेला मटार यांची तुलनाच नको. पालकाचंही तेच, त्यातलं क जीवनसत्त्व ठेवून ठेवून कमी होतं. पण खरं सांगू? आम्ही जीवनसत्त्वासाठी टोपली लावली नव्हती. थंडीत मंडईपेक्षा महाग पडत नव्हती आणि काही टाकावं लागत नव्हतं, म्हणून चालू ठेवली.

मग आला मे. टोपलीत मटार! मटाराला थंडी लागते. मे महिन्यात आपल्या उन्हात तो कुठल्या शेतात उभा राहणार? फोन केला. ‘सर, आपला सोर्सिंग पार्टनर लोकल आहे.’ पार्टनर लोकल असेल हो, मटार कुठला ते सांगा! तीन जणांकडे फोन फिरवल्यावर कळलं, हिमाचलचा. हिमाचलमध्ये त्या वेळी मटाराचा हंगाम असतो, त्यामुळे ‘हंगामी’ हा शब्द खोटा नाही, असं वर मलाच ऐकवलं. बटाट्याचं मी समजू शकतो. आपण वर्षभर खातो त्यातला बराच उत्तर प्रदेशातल्या शीतगृहांतून येतो, आणि रब्बीचा कांदाही चाळीत महिनोन्महिने राहतो. टिकणाऱ्या वस्तूंबद्दल माझी तक्रार नाही. पण टोपलीवर ‘आपल्या मातीतलं’ छापायचं आणि आत सिमल्याकडचा मटार भरायचा, याचे पैसे मी का द्यावेत? त्या आठवड्याचे परत घेतले.

या भांडणाचा फायदा असा, की त्यानंतर टोपलीसोबत चिठ्ठी आणि तिच्यावर प्रत्येक भाजीपुढे तालुका यायला लागला. माझ्यासारखे आणखी बोंबलले असणार. चिठ्ठी आल्यापासून माझं मत बरंच निवळलं. परवा पुन्हा मटार आला तेव्हा बायको म्हणाली, ‘करा फोन.’ चिठ्ठीवर ‘पुरंदर’ होतं. सासवडकडे मटार पावसाळ्यातही घेतात, त्यामुळे फोन न करता उसळ केली.

जूनमध्ये शेवळं आली, पहिल्या पावसातली रानभाजी. शहरात घरपोच शेवळं, याला मी पूर्ण गुण देतो. पण सोबत काकडं (शेवळांची खाज मारणारी आंबट रानफळं) नाहीत, साधी सूचनाही नाही! ज्यांनी कधी केली नाहीत त्यांनी तशीच परतली असती तर घशाला खाज सुटून दिवसभर बसले असते. आमच्या सासूबाई पेणच्या, म्हणून निभावलं. फोनवर त्यांनी बायकोला आधी दरडावलं, ‘काकडाशिवाय हात लावू नकोस,’ मग म्हणाल्या, ‘नसतीलच तर चिंच घाल सढळ हाताने.’ चिंच घातली, वाल घातले, भाजी उत्तम झाली. पुढे टाकळा, कुर्डू, करटोली आली. करटोली मंडईतही महागच असतात, तिथे टोपली परवडली.

बाकी पावसाळ्यात पालेभाजी घेऊ नका. मेथीत निम्मा चिखल, उरलेल्यातली निम्मी पिवळी, आणि वजन मात्र चिखलासकट. दुधी-दोडक्यांना तोटा नाही. दोडका एका आठवड्यात तीन रूपांत खाल्ला, शिरांची चटणी धरून.

आणि ती कोथिंबीर. पावसात सडते म्हणून महागते, हे मलाही कळतं. पण मग त्यांच्याच जाहिरातीप्रमाणे पावसाळ्यात तिचा हंगाम नाही. नाही ना? मग विकता कशाला? आणि विकायचीच तर वेगळी ओळ करून ५० ग्रॅमचे २५ रुपये? हा प्रश्न मी ॲपवर टाकला, उत्तरादाखल अंगठा आला.

सध्या तिमाही वर्गणी बंद करून महिन्याची घेतली आहे. पुण्यात कुणाला लावायची असेल तर नोव्हेंबरात सुरू करा, होळीपर्यंत डोळे झाकून घ्या, एप्रिल-मे सोडून द्या. जूनपासून नुसती फळभाजी आणि रानभाजी असा पर्याय ॲपमध्ये आहे, पण ‘सेटिंग’मध्ये खाली दडवलेला. आणि चिठ्ठीवर तालुका नसेल तर फोन करा, पैसे परत देतात.