रेक्झिनची मागची बाजू

धुळ्यात अवधानच्या एमआयडीसीजवळ माझं सीटकव्हर आणि हूडचं काम आहे. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही महामार्ग आमच्याच गावात एकमेकांना छेदतात, म्हणून पिकअप, रिक्षा, ट्रॅक्टर यांची गादी आणि टप बारा महिने चालू असतो. रेक्झिन मी वर्षानुवर्षं मुंबईच्या व्यापाऱ्याकडून घ्यायचो. २०२२ मध्ये आम्ही तिघांनी मिळून ठरवलं की एक कंटेनर थेट चीनहून मागवायचा. आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा कोड नंबर, माझ्या नावावर काढला, कारण जीएसटीचे कागद माझे सर्वांत नीट होते. त्याच नीटपणाचा पुढे भेटलेल्या एका माणसाने फायदा घेतला, असं आज वाटतं.

हा माणूस सुरतच्या ओळखीतून आला. स्वतःला इम्पोर्ट कन्सल्टंट म्हणवायचा. बोलायला अतिशय गोड, "भाऊ, तुम्ही फक्त माल उतरवून घ्या, कागद माझ्यावर सोडा." त्याने माझ्याकडून सही-शिक्क्यासह पाच कोरी लेटरहेड नेली. कस्टम ब्रोकरला, म्हणजे आयातदारासाठी कस्टमचे कागद भरणाऱ्या परवानाधारक एजंटला, ऑथोरायझेशन द्यावं लागतं, पोर्टवर ऐनवेळी काही लागलं तर धुळ्याहून कागद कधी येणार, असं त्याचं म्हणणं. मला ते पटलं.

इथे थोडं कापडाबद्दल सांगायलाच हवं, कारण सगळी फसवणूक त्या कापडाच्या पाठीवर झाली. आमचं रेक्झिन म्हणजे विणलेल्या पॉलिस्टर कापडावर एका बाजूने पीव्हीसीचा थर. कस्टम टॅरिफमध्ये, म्हणजे कुठल्या मालाला किती शुल्क याच्या यादीत, प्लास्टिकचा थर दिलेलं कापड ५९०३ या शीर्षकात येतं, पीव्हीसीचं असेल तर ५९०३ १०. पण एकोणसाठाव्या प्रकरणाच्या टिपेत अपवाद दिलेत. कापड प्लास्टिकमध्ये पूर्ण बुडालेलं असेल, किंवा दोन्ही बाजूंनी पूर्ण झाकलेलं असेल आणि तो थर नुसत्या डोळ्यांनी दिसत असेल, तर ते कापड राहत नाही, ते एकोणचाळिसाव्या प्रकरणात म्हणजे प्लास्टिकमध्ये जातं. थर नुसत्या डोळ्यांनी दिसतच नसेल, तर उलट ते साध्या कापडाच्या प्रकरणात जातं, आणि नुसता रंग बदललाय हे धरायचं नाही. आणखी एक कसोटी आहे: १५ ते ३० अंश तापमानात ७ मिलिमीटर व्यासाच्या दांड्याभोवती हाताने वाकवताना जे मोडतं, ते ५९०३ मध्ये बसत नाही. ७ मिलिमीटर म्हणजे साधारण पेन्सिलीएवढं. आमच्या वकिलांनी नंतर टेबलावरच्या पेन्सिलीलाच तुकडा गुंडाळून दाखवला. त्याला साधी चीरसुद्धा पडली नाही.

म्हणजे माझा माल सरळ ५९०३ चा. त्या माणसाने मला जे बिल दिलं, त्यातही ५९०३ च लिहिलं होतं आणि त्याच दराने मूळ शुल्क, त्यावरचा सामाजिक कल्याण अधिभार आणि आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) लावून पैसे घेतले होते. सोबत बिल ऑफ एंट्रीची, म्हणजे आयात मालाची कस्टमकडे केलेल्या घोषणेची, प्रत. मी ती फाईलला लावली. प्रत्यक्ष न्हावा शेवा बंदरात जे बिल ऑफ एंट्री भरलं गेलं, त्यात मालाचं वर्णन होतं 'दोन्ही बाजूंनी पीव्हीसीचा थर असलेली प्लास्टिक शीट' आणि शीर्षक एकोणचाळिसाव्या प्रकरणातलं. मूळ शुल्क तिथे कमी लागलं. मी दिलेले आणि सरकारात गेलेले यांतला फरक त्याच्या खिशात. माझ्याकडची प्रत खोटी होती. आकडे आणि शीर्षक बदलून छापलेली.

त्याच महिन्यात हे कळायला हवं होतं, ही गोष्ट मला सर्वांत जास्त टोचते. आयात मालाचा आयजीएसटी जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे भरलेल्या कराचं किती क्रेडिट (वजावट) मिळेल ते दाखवणाऱ्या महिन्याच्या पत्रकात, बिल ऑफ एंट्रीच्या नंबरासह दिसतो. आमच्या हिशोबनीसाने फोन केला, "भाऊ, करपात्र किंमत कमी दिसतेय, पण कर जास्त आहे. क्रेडिट तर तुमच्या बिलापेक्षा जास्तच मिळतंय." तेव्हा थर दिलेल्या कापडावर १२ टक्के जीएसटी होता आणि प्लास्टिक शीटवर १८. करपात्र किमतीत मूळ शुल्कही धरतात; ते कमी भरलं म्हणून ती किंमत कमी, आणि दर प्लास्टिकचा म्हणून कर जास्त. दोन्ही आकडे एकाच गोष्टीकडे बोट दाखवत होते. मी त्या माणसाला विचारलं तर तो म्हणाला, पोर्टलवर असंच येतं, नंतर जुळतं. क्रेडिट जास्त मिळतंय म्हणून मीही विषय सोडला.

आणि आमच्या कारागिराने तर माल उतरला त्या दिवशीच सांगितलं होतं. पॅकिंग लिस्टवर 'दोन्ही बाजू' असं वाचून त्याने रोल उलटा केला, अंगठा फिरवला आणि म्हणाला, "भाऊ, याना मांगे तं सूत दिखस." मागे नुसतं सूत होतं, उभे-आडवे धागे मोजता येतील इतकं उघडं. छापणाऱ्याची चूक असेल, असं म्हणून मी कात्री मागितली.

दीड वर्षाने कस्टमची नोटीस आली. त्याच पुरवठादाराच्या दुसऱ्या कुणाच्या मालाचा नमुना पोर्टवर तपासला गेला होता, तिथून धागा माझ्यापर्यंत पोहोचला. बिलासोबत जोडलेला लॅब रिपोर्टही माझ्या मालाचा नव्हता, आणि तो माझ्या लेटरहेडवर, माझ्या सहीखाली दिलेला होता. मी हात जोडून सांगितलं, साहेब, मला फसवलंय. अधिकारी सभ्य होते, ऐकून घेतलं. पण २०११ पासून आयातदाराने स्वतःच शुल्क ठरवून भरायचं असतं, कस्टम कायद्याचं कलम १७. घोषणा माझ्या नावाची. नुसतं वर्गीकरण चुकलं असतं तर वाद घालता आला असता. इथे वर्णनच खोटं होतं, म्हणून कलम २८(४), ज्यात पाच वर्षं मागे जाता येतं.

वकिलांच्या सल्ल्याने नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत सगळं भरलं, कारण तेव्हा दंड १५ टक्क्यांवर मिटतो. पुढे तो शुल्काएवढाही होऊ शकतो. शुल्क ३ लाख १८ हजार, दीड वर्षाचं १५ टक्क्यांनी व्याज ७१ हजार ५५०, दंड ४७ हजार ७००. जे मूळ शुल्क मी त्या माणसाच्या हातात एकदा मोजून दिलं होतं, ते पुन्हा भरलं. आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं, मूळ शुल्काचं मिळत नाही. ते गेलं ते गेलं. दिवाळीचा बोनस त्या वर्षी दोन हप्त्यांत द्यावा लागला.

ज्या ब्रोकरच्या लॉगिनवरून बिल भरलं, त्याला मी आजवर पाहिलेलं नाही. कस्टम ब्रोकरांच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे ब्रोकरने आयातदाराची ओळख पडताळायची असते आणि त्याचं ऑथोरायझेशन घ्यायचं असतं. ऑथोरायझेशन होतं, माझ्याच कोऱ्या कागदावर. मी एकदा लायसन्स नंबर मागून ब्रोकरला थेट फोन केला असता, किंवा आइसगेट या कस्टमच्या पोर्टलवर बिलाचा नंबर, तारीख आणि पोर्ट टाकून पाहिलं असतं, तर तिथेच उघडं पडलं असतं. वर्गीकरणाची शंका असेल तर माल मागवण्याआधी मुंबईच्या ॲडव्हान्स रुलिंग प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो, फी १० हजार रुपये, आणि निर्णय आपल्याला आणि कस्टमला दोघांना बांधील. हे मला कुणी आधी सांगितलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

पोलिसांत अर्ज दिलाय. त्याचा जुना नंबर बंद आहे.

परवा शहाद्याहून एका ओळखीच्या दुकानदाराचा फोन आला. कंटेनर निघालाय, सुरतेचा एक माणूस कागद बघतोय, आवाज गोड आहे, आणि सही-शिक्क्याची पाच लेटरहेड मागतोय. मी म्हटलं, दादा, आज देऊ नकोस. मी उद्या सकाळच्या एसटीने येतो, येताना रेक्झिनचा तुकडा घेऊन येतो.