लॉगबुक एजंटच्या ताब्यात देऊ नका

अंधेरीतल्या एका कन्सल्टन्सीने मला मेलबर्नची नोकरी देऊ केली होती. मालकाची स्पॉन्सरशिप, बायको-मुलांसह व्हिसा, आणि डीजीसीएचा (भारताच्या विमान वाहतूक नियामकाचा) बी-टू, म्हणजे एव्हिऑनिक्स देखभालीचा परवाना तिथे "आपोआप चालतो". पहिला हप्ता दीड लाखाचा. एव्हिऑनिक्समध्ये, म्हणजे विमानातल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणांवर काम करणाऱ्या आणि बाहेर जायची तयारी करणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं, म्हणून सगळं लिहितोय.

आपोआप काहीच चालत नाही. ऑस्ट्रेलियात विमानाच्या देखभालीवर सही करायची तर कासा या तिथल्या विमान सुरक्षा प्राधिकरणाची परवानगी लागते. कौशल्याची तपासणी आणखी वेगळी. एव्हिऑनिक्स देखभालीचा व्यवसाय-क्रमांक ३२३१११, आणि त्याची तपासणी ट्रेड्स रेकग्निशन ऑस्ट्रेलिया ही सरकारी संस्था करते. या लोकांनी माझी फाइल २३३९११ खाली, एरोनॉटिकल इंजिनीअर म्हणून लावल्याचं सांगितलं. त्याला अभियांत्रिकीची पदवी लागते. माझ्याकडे एएमईचा (विमान देखभाल अभियंत्याचा) कोर्स आणि हँगरमधला अनुभव. विचारलं तर उत्तर आलं, "सर, असे (व्हिसासाठी मोजले जाणारे) पॉइंट्स वाढतात."

मग "ईओआय फी" मागितली. ईओआय म्हणजे व्हिसासाठी इच्छा नोंदवायचा अर्ज. स्किलसिलेक्ट या ऑस्ट्रेलिया सरकारच्या पोर्टलवर तो भरायला एक पैसाही लागत नाही. स्पॉन्सरशिपच्या बदल्यात पैसे मागणं तर तिथे २०१५ च्या अखेरीपासून बेकायदेशीर आहे. माझ्याच अर्जाचं लॉगिन मागितलं तेव्हा "ते ऑफिसचं अंतर्गत असतं" म्हणाले. शेवटी व्हिसा मंजुरीचं पत्र पाठवलं, तेही साध्या जीमेलवरून. त्यावरचा क्रमांक आणि पासपोर्टचा तपशील मी व्हेवो या ऑस्ट्रेलिया सरकारच्या मोफत तपासणी सेवेत टाकला. काहीही नोंद नव्हती.

पैशांपेक्षा जास्त जीव लॉगबुकात अडकला. "तपासणीला मूळ प्रत लागते" म्हणून त्यांनी ते ठेवून घेतलं होतं. खरं तर कागदपत्रं ऑनलाइन, स्कॅन करून द्यायची असतात. वेदर रडार बदलल्याची, ऑटोपायलटच्या चाचण्यांची, रात्रपाळीत शोधून काढलेल्या वायरिंगच्या दोषांची एकेक नोंद आणि तिच्याखाली वरिष्ठांची सही. त्यातले काहीजण निवृत्त झालेत, एक तर आता हयात नाहीत. त्या सह्या पुन्हा कुठून आणायच्या? मी पैसे परत मागायला लागलो, तेव्हा "हिशेब पूर्ण करा, मग लॉगबुक न्या" अशी भाषा सुरू झाली. ही सरळ खंडणी आहे.

यांची पळवाटही समजून घ्या. ऑस्ट्रेलियाबाहेर बसलेल्या एजंटला तिथल्या ओमारा या स्थलांतर-एजंटांच्या नियामकाकडे नोंदणीची सक्ती नाही. भारतात परदेशी नोकरीसाठी भरती करायची तर १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली परवाना लागतो आणि शुल्काची कमाल मर्यादा ३०,००० रुपये अधिक जीएसटी आहे. ती चुकवायला हे म्हणतात, "आम्ही भरती नाही, सल्ला देतो." हातात ऑफर लेटर ठेवून! परवानाधारकांची यादी ई-मायग्रेट या भारत सरकारच्या पोर्टलवर उघडपणे पाहता येते. यांचं नाव त्यात नव्हतं.

पोलिसांत लेखी तक्रार दिल्यावर लॉगबुक मिळालं. पैसे अजून नाहीत. तुमची मूळ कागदपत्रं अशा कुणाकडे असतील तर आधी ती बाहेर काढा, पैशांचा विषय त्यानंतर काढा.