वाडीचं झटका कुंपण: सशापुढे किती टिकतं?

कोकणात तालुक्याच्या बाजारात 'झटका मशीन' म्हणून कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडणारा जो संच मिळतो, तो मुळात रानडुकराला डोळ्यांसमोर ठेवून बनवलेला आहे. मशीन, १२ व्होल्टची बॅटरी, लहानसं सोलर पॅनेल, तारेची गुंडी, इन्सुलेटर आणि भोंगा एवढं त्यात येतं. कुळीथ, चवळी, भुईमूग किंवा कलिंगडाची रोपं ससा खातो म्हणून हा संच घेत असाल, तर आहे तसा तो उपयोगाचा नाही. एकट्याने घेतला तर मुळीच नाही. वाडीने मिळून घेतला आणि खाली जाळी जोडली, तर पैसे वसूल होतात.

आधी खाणारा ससाच आहे ना, ते बघा. सशाने खाल्लेला कोंब कात्रीने तिरका कापल्यासारखा दिसतो आणि आसपास गोल, सुट्या लेंड्या असतात. गुरांना किंवा भेकराला वरचे पुढचे दात नसतात, त्यामुळे त्यांनी ओढलेल्या फांदीचं टोक फाटकं राहतं. मूळ उकरलेलं असेल तर साळिंदर, वाफाच नांगरलेला असेल तर डुक्कर.

ऑस्ट्रेलियात ज्यांनी धुमाकूळ घातला ते युरोपियन ससे जमिनीखाली बिळांच्या वसाहती करून राहतात. आपला ससा बीळ करत नाही. दिवसभर गवतात नाहीतर करवंदीच्या जाळीखाली दबून बसतो, तिन्हीसांजेला बाहेर पडतो. म्हणून बिळं बुजवा, धूर करा असले परदेशी सल्ले इथे फुकट. त्यांच्याकडून घेण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. १८५९ मध्ये व्हिक्टोरियात मूठभर ससे सोडले गेले, आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलियाने १९०१ ते १९०७ या काळात सुमारे दोन हजार मैल कुंपण घातलं तोवर ससे त्या रेषेच्या पलीकडे पोहोचलेले होते. वाडीतही हेच होतं: कुंपण पूर्ण होतं आणि ससा आतच राहतो. त्यामुळे शेवटची बाजू बंद करण्याआधी आतलं रान मधून बाहेरच्या दिशेला कापत जायचं आणि रानाकडची बाजू काही रात्री उघडी ठेवायची. आडोसा गेला की तो आपोआप निघतो. कुत्री घालून हाकायचं मात्र मनातही आणू नका. जनावर पिटाळणं हेसुद्धा कायद्याच्या व्याख्येत शिकारीत मोडू शकतं.

आता झटक्याबद्दल. मशीन तारेत सलग करंट सोडत नाही, साधारण सेकंदाला एक ठोका देतं. ससा दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात तारेखालून पार होतो, आणि ठोका बसलाच तरी अंगावरची लव बराचसा अडवते. नाक किंवा कान तारेला लागला तरच तो दचकतो. म्हणून सशाला जाळीच हवी: भोकं सव्वा इंचाहून मोठी नकोत, उंची तीन फूट, आणि तळाची वीतभर जाळी बाहेरच्या बाजूला जमिनीवर पसरून वर दगड किंवा माती. हा पसरलेला पट्टा वेगळा तुकडा जोडून करावा, कारण खाडीकाठच्या हवेत जाळी मातीला लागते तिथूनच सडते. मग तेवढीच बदलता येते.

डुक्कर ही जाळी सहज उचकटतं. त्याच्यासाठी जाळीच्या बाहेर वीतभर अंतरावर, जमिनीपासून ८ ते १० इंचांवर करंटची एक तार, आणि जाळीच्या माथ्यावर ४ इंचांवर दुसरी. जाळी करंटला जोडू नये, मातीला लागून सगळा झटका वाया जातो. ती मशीनच्या अर्थला, म्हणजे जमिनीत जाणाऱ्या जोडाला जोडावी. संचाबरोबरच्या माहितीपत्रकात हे सहसा नसतं, पण कोकणात तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. जांभ्याचा कातळ फेब्रुवारीनंतर इतका कोरडा पडतो की जनावराच्या पायातून करंट परत मशीनपर्यंत पोहोचतच नाही. जाळी अर्थला असेल तर तार आणि जाळी दोन्हींना एकदम शिवणाऱ्याला पुरा झटका बसतो, जमीन कशीही असो.

अर्थसाठी संचात येणारा हातभर लोखंडी खिळा बाजूला ठेवा. सहा फुटी गॅल्वनाइज्ड सळ्या तीन, एकमेकींपासून दहा फुटांवर, व्हाळाच्या (ओढ्याच्या) काठी किंवा नारळाच्या आळ्यात, म्हणजे बारमाही ओल असेल तिथे. तिथून मशीनपर्यंत तार आणावी लागली तरी चालेल. घराच्या वीजजोडणीच्या अर्थिंगपासून मात्र निदान १० मीटर लांब. तपासणी अशी: मशीन बंद करून, शंभरेक मीटरवर करंटच्या तारेला दोन-तीन लोखंडी कांबी टेकवून त्या जमिनीत रोवायच्या. मशीन चालू केल्यावर तारेवरचा दाब २,००० व्होल्टच्या खाली यायला हवा. मग शेवटच्या सळीवर कुंपणाचा व्होल्ट मोजणारा मीटर धरायचा. ३०० व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर आणखी एक सळी ठोका. कुंपणाच्या टोकाला एरवी ४,००० च्या वर दाब मिळायला हवा. ३,००० च्या खाली डुक्कर जुमानत नाही. म्हणून डिजिटल मीटर हवाच. पिवळा दिवा लुकलुकतोय म्हणजे सगळं ठीक, हा समज महागात पडतो.

बॅटरी हा या संचाचा सगळ्यात कमकुवत भाग. मशीन २५० मिलीअँपिअर घेत असेल तर दिवसाला ६ अँपिअर-तास लागतात. आषाढात तीन दिवस ऊन नाही पडलं तर १८. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवली की लवकर मरते, म्हणजे निदान ३६ अँपिअर-तासांची हवी. संचात बहुधा ७ ची असते! दुकानदाराकडून मशीन घ्या, बॅटरी आणि ४० वॅटचं पॅनेल वेगळं निवडा. मशीनवर आयएस ३०२ (भाग २, विभाग ७६) हे मानक छापलेलं आहे का, तेही पाहा.

बेड्याखालून (फाटकाखालून) करंट न्यायला घरगुती वायरिंगची तार वापरू नका. तिचं आवरण काही हजार व्होल्टसाठी बनवलेलंच नसतं, पहिल्या पावसात तिच्यातून करंट जमिनीत गळतो. कुंपणासाठीची दुहेरी आवरणाची केबल मिळते, ती घ्या. तांब्याची तार जस्ताचा मुलामा असलेल्या तारेला थेट पिळू नका, खाऱ्या हवेत तो जोड लवकर खाल्ला जातो. सायकलच्या ट्यूबचे तुकडे इन्सुलेटर म्हणून बांधणारे पुष्कळ, पण मिठाचा थर आणि ओल आली की त्यांतून करंट गळतो. वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा होतात, तेव्हा तारेपासून मशीन काढून ठेवणं हाच खरा उपाय.

वाडीने मिळून का, ते हिशेबातच दिसतं. दहा गुंठ्यांचा चौकोनी कुणगा (शेताचा तुकडा) एकट्याने कुंपायला सुमारे ४१७ फूट जाळी लागते. असे वीस जण वेगवेगळे बसले तर ८,३५० फूट. तेच वीस कुणगे एका चौकोनी रिंगणात घेतले तर सुमारे १,८६७, म्हणजे माणशी ९३ फूट. प्रत्यक्षात मळा वेडावाकडा असतो, बचत थोडी घटते, तरी फरक मोठाच राहतो. शिवाय एकट्याच्या कुंपणाने ससा शेजाऱ्याच्या पावट्यात जातो, दुसरं काही होत नाही. वर्गणी गुंठ्यांवर काढावी. कडेला कोणाची जमीन येते यावर काढली तर पहिल्याच बैठकीत फाटतं.

खरी अडचण चाकरमान्यांच्या पडीक तुकड्यांची. रिंगणाच्या मधोमध कमरेएवढं रान असलं की सशाला आतच घर मिळालं. सातबाऱ्यावर नावं अनेक, माणूस एकही गावात नाही. गणपतीत सगळे येतात तेव्हाच बैठक लावून रान कापायची लेखी परवानगी घ्यावी. फोनवरचं 'बघूया' धरून चालू नये. पावसाळ्यात तारेखालचं गवत पंधरवड्याला कापावं लागतं, त्याची पाळी घरटी ठरवा. नाहीतर गवत तारेला लागून भोंगा रात्रभर ओरडतो आणि तिसऱ्या रात्री कोणीतरी त्याची वायर काढून टाकतो. भाताची कापणी झाल्यावर गुरं मोकळी सोडायची तारीखही आधी ठरवावी, कारण कुंपण तोडणाऱ्यांत गुरांचा नंबर वरचा असतो.

तारेला घरातला २३० व्होल्टचा करंट जोडणं म्हणजे माणूस मारण्याची तयारी. चोरून जोडला तर विद्युत कायदा २००३ च्या कलम १३५ खाली वीजचोरीही. फासकी आणि विष १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाहीत, आणि फासकीत ससा सोडून बिबट्या अडकतो तेव्हा सगळी वाडी चौकशीत. पिवळ्या धोक्याच्या पाट्या लावा, पाणंद अडवू नका.

सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, काजूची कलमं विखुरलेली असतील तर यातलं काहीच घेऊ नका. प्रत्येक कलमाभोवती दीड फूट रुंद, अडीच फूट उंच जाळीचं नळकांडं, दोन बांबूच्या खुंट्यांना बांधलेलं. खोड जाड होऊन साल राठ झाली की तेच काढून पुढच्या कलमाला.