टीम खरंच वाईट खेळतेय की नशीब फुटकं? खाली जाण्याच्या धास्तीत अंडरस्टॅट कितपत कामाचं

प्रीमियर लीगमध्ये तळाच्या तीन टीम्स खालच्या लीगमध्ये जातात. म्हणून आपली फुटबॉल टीम गुणतालिकेत सोळाव्या-सतराव्या नंबरवर अडकली की चाहत्यांच्या प्रत्येक ग्रुपमध्ये दोन तट पडतात. एक म्हणतो मॅनेजर हाकला. दुसरा म्हणतो, खेळ बरा चाललाय, बॉल पोस्टला लागतोय त्याला कोण काय करणार? हा वाद स्कोअरलाइनवर कधीच मिटत नाही, कारण दोन्ही तटांना आपल्या सोयीचा सामना सापडतो. अंडरस्टॅट ही फुटबॉलच्या आकडेवारीची फुकट वेबसाइट नेमकी याच भांडणासाठी उपयोगी आहे. मात्र तिचं पहिलं पान जसंच्या तसं वाचलंत तर वाद मिटण्याऐवजी वाढेल.

साइटवर सहा लीग आहेत: इंग्लंड, स्पेन, जर्मनी, इटली, फ्रान्स आणि रशिया. आकडे २०१४-१५ च्या हंगामापासूनचे. प्रत्येक शॉटला गोल होण्याची शक्यता म्हणून शून्य ते एकच्या मधला एक आकडा दिला जातो, तो एक्सजी, म्हणजे अपेक्षित गोल. आपल्या शॉट्सची बेरीज एक्सजी, समोरच्यांची एक्सजीए. इथवर सगळ्यांना माहीत असतं. साइटचा खरा माल आहे तो एक्सपीटीएस नावाच्या रकान्यात, म्हणजे अपेक्षित गुणांमध्ये.

हे गुण एक्सजीच्या वजाबाकीतून येत नाहीत. सामन्यातला प्रत्येक शॉट वेगळा धरून तो सामना किती वेळा जिंकला, बरोबरीत सुटला किंवा हरला असता याचा हिशोब होतो. समजा आपल्या टीमला ०.५ चे दोन मोठे चान्स मिळाले आणि समोरच्यांनी ०.१ चे दहा शॉट मारले. दोघांचा एक्सजी १.०. पण मांडून बघा: आपण जिंकण्याची शक्यता ३६ टक्के, बरोबरी ३३, हार ३१. अपेक्षित गुण आपले १.४० आणि त्यांचे १.२७. लांबून ठोकलेल्या शॉट्सचा ढीग आणि दोन नेमके चान्स यांतला हा फरक नुसत्या एक्सजीच्या तक्त्यात दिसत नाही.

दुसरा फायदा म्हणजे एका सामन्यातून तीनपेक्षा जास्त गुण मिळूच शकत नाहीत, त्यामुळे एखाद्या दणदणीत विजयाने चित्र बिघडत नाही. टॉटनहॅमचा २०२४-२५ चा हंगाम घ्या. सतरावा क्रमांक, ३८ गुण, २२ पराभव, आणि गोलफरक? फक्त उणे १. ६४ मारले, ६५ खाल्ले. मँचेस्टर सिटीला त्यांच्याच मैदानावर ४-०, साउदॅम्प्टनला ५-०, अ‍ॅस्टन व्हिलाला ४-१ असे सामने बेरजेत पडले की गोलफरक सुंदर दिसू लागतो. ज्यांनी त्या हंगामात गोलफरक दाखवून ‘आपण मुळात मधल्या फळीतली टीम आहोत’ असा युक्तिवाद केला, त्यांना सामनावार अपेक्षित गुण दाखवायला हवे होते.

आता वापरायचं कसं ते. लीगच्या पानावर हंगाम निवडला की पूर्ण हंगामाचा तक्ता येतो. तो बाजूला ठेवा. तारखांची चौकट वापरून शेवटचे दहा-बारा सामने निवडा. पाच सामन्यांचा ‘फॉर्म’ नावाचा जो प्रकार सगळीकडे दाखवतात तो जवळपास निरुपयोगी असतो. पाचात तीन सामने पहिल्या सहातल्या टीम्सशी असले की कुणाचाही फॉर्म पडतो. दहा-बारा सामने घेतले तरी समोर कोण होतं याची दुरुस्ती साइट करत नाही. ती हाताने करावी लागते. सोपा मार्ग असा: हंगामाच्या पहिल्या भागात याच प्रतिस्पर्ध्यांशी झालेले सामने काढा आणि त्या दोन गटांचे अपेक्षित गुण शेजारी ठेवा. घर आणि बाहेर यांची अदलाबदल झालेली असते, तेवढी सूट द्या.

मग पर्यायांच्या बटणातून एनपीएक्सजी आणि एनपीएक्सजीए हे रकाने सुरू करा. यांत पेनल्टी वगळलेल्या असतात. अंडरस्टॅट एका पेनल्टीला सुमारे ०.७६ धरते. दहा सामन्यांत तीन पेनल्टी मिळाल्या की २.२८ एक्सजी आयता जमा. पुढच्या दहा सामन्यांत त्या मिळतीलच असं नाही. तळाच्या टीमचं आक्रमण ‘सुधारलं’ असं वाटतं तेव्हा निम्म्या वेळा ती सुधारणा पेनल्टीच्या खुणेवरून आलेली असते. ऑप्टा या आकडेवारीच्या कंपनीचं मॉडेल त्याच पेनल्टीला ०.७९ देतं, म्हणून दोन साइट्सचे आकडे एकाच वाक्यात मिसळू नका. तेवढ्यावरूनही लोक तासभर भांडलेले आहेत.

टीमच्या स्वतःच्या पानावर जा. तिथे आकडेवारीच्या टॅबमध्ये ‘गेम स्टेट’ हा भाग आहे आणि आमच्या मते तोच या साइटचा सर्वांत मोलाचा कोपरा. स्कोअर बरोबरीत असताना, एका गोलने पुढे किंवा मागे असताना आणि त्याहून जास्त फरक असताना टीमने किती मिनिटं काढली आणि त्यात काय केलं हे इथे वेगवेगळं दिसतं. घसरलेल्या टीमबाबत नेहमीची फसगत अशी होते: विसाव्या मिनिटाला गोल खाल्ला, समोरची टीम मागे सरली, आपण सत्तर मिनिटं बॉल फिरवत शॉट मारले. शेवटी एक्सजी १.६ विरुद्ध ०.९, आणि लगेच ‘आपण चांगले खेळलो’. गेम स्टेटमध्ये बरोबरीच्या ओळीतला नव्वद मिनिटांमागचा एक्सजी आणि एक्सजीए बघा. तिथे तोटा असेल आणि सगळी कमाई पिछाडीच्या ओळींत असेल, तर नशिबाला दोष देण्यात अर्थ नाही. टीम सामना सुरू होतानाच मार खातेय.

त्याच ठिकाणी ‘सिच्युएशन’मध्ये ओपन प्ले, कॉर्नर, सेट पीस, थेट फ्री किक आणि पेनल्टी असे भाग आहेत. कॉर्नर आणि सेट पीसवरून खाल्लेला एक्सजी वेगळा काढा. कॉर्नरवरचं मार्किंग हंगामाच्या मध्यातही बदलता येतं. सेंटर बॅक हळू असेल तर जानेवारीच्या ट्रान्सफर खिडकीपर्यंत काही करता येत नाही. दुखणं कुठलं आहे त्यावर उरलेल्या सामन्यांची आशा ठरते. ‘टायमिंग’चा भाग पंधरा-पंधरा मिनिटांचा आहे. शेवटच्या पंधरा मिनिटांत गोल जास्त खाल्ले म्हणून लगेच फिटनेसवर घसरू नका. तिथला एक्सजीएसुद्धा वाढलाय का ते आधी तपासा. गोल वाढले आणि एक्सजीए जागच्या जागी, तर दम संपलेला नाही.

पीपीडीए हा रकानाही आहे. आपण बचावात एखादी कृती करेपर्यंत समोरच्यांना किती पास करू देतो, त्याचं हे माप. आकडा लहान म्हणजे प्रेसिंग जास्त. हाय प्रेस, म्हणजे समोरच्यांना त्यांच्याच अर्ध्यात दाबणं, हीच ओळख असलेल्या टीमचा हा आकडा महिन्यागणिक चढत असेल तर नोंद घ्या. बाकीच्यांनी सोडून दिला तरी चालेल.

मॅनेजर बदलला की तारखांची चौकट पुन्हा हाताशी येते. एव्हर्टनने जानेवारी २०२३ मध्ये लॅम्पार्डला काढून ३० जानेवारीला डाइशला आणलं. आधीच्या २० सामन्यांत १५ गुण, नंतरच्या १८ मध्ये २१. टीम ३६ गुणांवर वाचली. अशी दोन तुकड्यांत विभागणी करून दोन्हींचा एनपीएक्सजीए तपासायचा आणि मग बोलायचं. पण एक लक्षात ठेवा: मॅनेजरला काढतात तेच मुळी फॉर्म रसातळाला गेल्यावर, त्यामुळे त्यानंतर आकडे थोडे वर येणारच होते. नव्या माणसाचं श्रेय देण्याआधी जुन्याचे शेवटचे पाचच सामने न घेता त्याचा पूर्ण हंगाम तुलनेला घ्या.

आता साइट जिथे आंधळी आहे ते. गोलकीपर. शॉट मारल्यानंतर बॉल गोलच्या कुठल्या कोपऱ्यात चालला होता याचा विचार अंडरस्टॅट करत नाही. खाल्लेले गोल आणि एक्सजीए यांतली तफावत दिसते, पण त्या तफावतीत आपला कीपर, समोरच्या स्ट्रायकरची नेमबाजी आणि नशीब हे तिघं एकत्र कोंबलेले असतात. लेस्टरने २०२२ च्या उन्हाळ्यात कॅस्पर श्मायकेलला नीसला जाऊ दिलं, मग वॉर्ड खेळला, वसंतात त्याच्या जागी इव्हरसन आला. त्यात कीपरचा वाटा किती, हा वाद या साइटवर सुटणार नाही. त्यासाठी फॉटमॉब या अ‍ॅपवर ‘ऑन टार्गेट’ एक्सजी, म्हणजे बॉल गोलच्या कुठे चालला होता ते धरून काढलेला एक्सजी, बघावा लागतो. स्वयंगोलही एक्सजीत येत नाहीत, आणि तळाच्या टीमला ते नेमके नको तेव्हा लागतात.

दुखापतीही दिसत नाहीत. नोव्हेंबर २०२४ मध्ये टॉटनहॅमचा कीपर विकारिओ याच्या घोट्याचं हाड मोडलं, सेंटर बॅक रोमेरो आणि व्हॅन डे व्हेन दोघेही बराच काळ बाहेर, आणि मिडफिल्डर आर्ची ग्रे सेंटर बॅकला उभा. एक्सजीए फुगला हे अंडरस्टॅट सांगेल. हाय लाइन, म्हणजे बचावफळी बरीच पुढे उभी करणं, तीच ठेवून माणसं बदलली म्हणून फुगला, हे तुम्हाला सामना बघूनच कळणार. रेड कार्डचंही तसंच. दहा जणांनी खेळलेला तासभर सरासरी पार वाकडी करतो. टीमच्या पानावर प्रत्येक सामन्याचा एक्सजी असतो, तिथून तो सामना हाताने वजा करा.

आणि कापलेले गुण! आर्थिक नियम मोडल्याबद्दल एव्हर्टनचे २०२३-२४ मध्ये आधी १० कापले, अपिलात ते ६ झाले, मग आणखी २ गेले. नॉटिंगहॅम फॉरेस्टचे ४ गेले आणि ते ३२ वर वाचले. अपेक्षित गुण शॉट्सवरून येतात, ऑडिटवरून नाही.

लीगची व्याप्ती ही दुसरी मोठी उणीव. इंग्लंडची चॅम्पियनशिप, म्हणजे प्रीमियर लीगच्या खालची लीग, इथे नाही, म्हणून वर चढून आलेल्या टीमचा मागचा हंगाम कोरा. खरं तर सर्वांत जास्त धास्ती त्यांच्याच चाहत्यांना असते: २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही हंगामांत वर आलेल्या तिन्ही टीम्स परत खाली गेल्या. भारतातली एकही लीग नाही. पाच राष्ट्रीय विजेतेपदं मिळवलेला गोव्याचा डेंपो २०१४-१५ मध्ये आय-लीगमधून खाली गेला, तो कमनशिबी होता की खरोखर कच्चा, यावर मडगाव-पणजीत आजही मतं असतील. इथे आकडे मिळणार नाहीत.

पर्याय काय आहेत? ऑप्टा अ‍ॅनालिस्टवर उरलेला हंगाम दहा हजार वेळा खेळवून खाली जाण्याची टक्केवारी देतात. त्यात सट्टाबाजाराचे भाव आणि त्यांची स्वतःची पॉवर रँकिंग वापरलेली असल्यामुळे पुढचे सामने किती अवघड आहेत ते आपोआप धरलं जातं. हे काम अंडरस्टॅट अजिबात करत नाही. पण टक्केवारी फक्त किती ते सांगते, का ते नाही. ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकून घबराट पसरवण्यापलीकडे तिचा फारसा उपयोग होत नाही. प्रतिस्पर्ध्यांची ताकद मोजायला क्लबईलो ही साइट चांगली. सोफास्कोअरचं खेळाडूंचं रेटिंग या वादात आणूच नका, ७.१ मिळवणारा बॅक चार गोल खाणाऱ्या टीममध्येही सापडतो.

अंडरस्टॅटचं स्वतःचं रूप साधं, जुनाट आहे. मोबाइलवर रुंद तक्ते आडवे सरकवत बसावं लागतं, तारखा निवडताना बोटं चुकतात. लॅपटॉपवर दहा मिनिटांत काम होतं. शॉटचा नकाशा मात्र झकास: वर्तुळ जितकं मोठं तितका चान्स मोठा. आपल्या स्ट्रायकरची वर्तुळं बॉक्सबाहेर ठिपक्यांसारखी पसरलेली दिसली की पंधरा शॉट आणि १.०५ एक्सजी म्हणजे काय ते लगेच समजतं.

तर विकत काही घ्यायचं नाही, नोंदणीही नको, पाचातले चार तारे. एक तारा कीपर आणि चॅम्पियनशिपसाठी कापला. ऑक्टोबर ते मार्च हा तिचा खरा काळ. चौतीसाव्या सामन्यानंतर मात्र टॅब बंद करा. तेव्हा अपेक्षित गुणांना कोणी विचारत नाही; २०२२-२३ मध्ये ५१ गोल मारूनही लेस्टर ३४ गुणांवर खाली गेलं आणि ३४ गोल मारणारं एव्हर्टन राहिलं. ‘चाळीस गुण झाले की सुटलो’ हाही हिशोब धरू नका, वेस्ट हॅम २००२-०३ मध्ये ४२ वर बुडालं होतं. शेवटच्या चार सामन्यांत कागदावर तीनच गोष्टी लिहून ठेवा: अठराव्या टीमचे गुण, तिचा गोलफरक आणि तिने मारलेले एकूण गोल. प्रीमियर लीगमध्ये समान गुणांवर याच क्रमाने निकाल लागतो.