१८ फुटी की २६ फुटी? दोन फायबर होड्या एकाच हंगामात चालवून

गेल्या ऑगस्टपासून या मेपर्यंत, म्हणजे अख्खा हंगाम, माझ्याकडे मासेमारीच्या दोन फायबर होड्या होत्या. एक १८ फुटी, ९.९ हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक इंजिन, पाच वर्षं वापरातली. दुसरी २६ फुटी, २५ हॉर्सपॉवरची, जुनीच, पण बरी दिसली म्हणून जुलैत घेतलेली. दोन्ही ठेवणं झेपणार नाही हे घेतानाच माहीत होतं. हंगामभर दोन्ही चालवायच्या, जी उपयोगी पडेल ती ठेवायची, दुसरी विकायची, असं ठरलं होतं. आमच्या देवबाग-तारकर्लीकडे सध्या बरेच जण याच विचारात आहेत, म्हणून सविस्तर लिहितोय.

मोठी का घेतली ते आधी सांगतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटे मतलई वारा सुटतो, जमिनीवरून समुद्राकडे. जाताना होडी अलगद पुढे जाते आणि परतताना तोच वारा तोंडावर येतो. मागच्या वर्षीच्या जानेवारीत मी आणि धाकटा भाऊ १८ फुटीत होतो. जाळी ६ किलोमीटरवर, होडीत ४५ किलो बांगडा. वारा वाढला आणि आखूड, उभ्या लाटा उठल्या. होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, एका लाटेवर चढायची आणि दुसरीवर आपटायची. प्रत्येक आपटण्यासरशी पाणी आत. भाऊ ऑइलचा ५ लिटरचा कापलेला डबा घेऊन सतत पाणी उपसत होता, मी हँडल धरून होतो. अर्ध्या तासाच्या वाटेला पावणेदोन तास लागले. किनाऱ्याला लागलो तेव्हा टाकीत दोन बोटं पेट्रोल उरलं होतं. आईला काही सांगितलं नाही, पण भावाचे हात बघून तिने ओळखलं.

त्या दिवशी मोठी होडी घ्यायची हे मनात पक्कं झालं. आणि या बाबतीत २६ फुटीने शब्द राखला. यंदाच्या जानेवारीत तसाच वारा, तशाच लाटा, पण ती एका वेळी दोन लाटांवर टेकून चालते, त्यामुळे आपटत नाही. वेग थोडा कमी केला आणि चाळीस मिनिटांत परत. पाय कोरडे. चौघं जण बसून जाळं ओढायला जागा, बर्फाच्या पेटीला जागा, दुप्पट जाळी. ऑक्टोबरात एका पहाटे २०० किलोच्या वर बांगडा मिळाला, तो एका खेपेत घरी आला. १८ फुटीत तो भरलाच नसता. समुद्रावर मोठी होडी चांगली, यात मला आता तिळमात्र शंका नाही.

पण होडी समुद्रावर असते दिवसातले चार-पाच तास. उरलेला वेळ ती कुठे असते, हा प्रश्न मी घेताना विचारलाच नव्हता. काकांनी विचारला होता. ते म्हणाले होते, "होडी घेवच्या आदी ती वर चढवक माणसां खंयसून आणतलस ता बघ." मी म्हटलं, माणसं मिळतील.

१८ फुटीचं रिकामं फायबर अडीचशे किलोच्या आसपास. इंजिन ४० किलोचं, ते मी एकटा खांद्यावर घेऊन घरी नेतो. खाली तीन ओंडके टाकले की आम्ही दोघं आणि शेजारचा एक, एवढ्यांत होडी वाळूवर चढते. मागचा ओंडका मोकळा झाला की धावत पुढे आणून टाकायचा, एवढंच काम. २६ फुटी ७०० किलोच्या घरात. तिला आठ माणसं लागतात, आणि आठही जणांनी एका दमात ओढायला हवं. पहाटे चारला आठ माणसं कोण देणार? जो तो आपापल्या होडीच्या मागे. पहिल्या महिन्यात दोनदा असं झालं की आम्ही चौघं होडीभोवती उभे, होडी जागची हलत नाही, आणि उजाडू लागलं. त्यानंतर ती कर्लीच्या खाडीत नांगरून ठेवायला सुरुवात केली. देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला खाडी, मधे वाळूची चिंचोळी पट्टी. त्यामुळे ही सोय आमच्या दारातच होती.

खाडीत ठेवल्यापासून दिवसाचं वेळापत्रक माझ्या हातात राहिलं नाही. मुखाशी वाळूचा दांडा आहे आणि तो दर पावसाळ्यानंतर थोडा सरकतो. ओहोटीला तिथे पाणी उथळ होतं, इंजिन खाली असलं की पंखा वाळू उडवतो. त्यात ओहोटीचं पाणी बाहेर धावत असतं आणि समुद्राची लाट आत येत असते. दोघांची गाठ पडते तिथे लाट उभी राहून फुटते. ज्याने ते एकदा आतून पाहिलंय तो उधाणाच्या ओहोटीला तिथून जायचं धाडस करत नाही. म्हणजे भरतीला निघायचं आणि भरतीला परतायचं. मासा त्या वेळेला थांबत नाही. शेजारी १८ फुटी किनाऱ्यावरून सुटलेली दिसायची आणि आम्ही खाडीत पाणी चढायची वाट बघत बसलेलो. हंगामात २६ फुटी ८६ दिवस बाहेर पडली. असे वाट बघण्यात गेलेले दिवस मी १९ मोजले.

पाण्यात राहणाऱ्या होडीचा तळ तीन आठवड्यांत बुळबुळीत होतो, मग त्यावर टणक कवचं धरतात. दोन महिन्यांनी तोच वेग ठेवायला थ्रॉटल जवळजवळ पूर्ण उघडावा लागू लागला. तळ घासायचा तर होडी बाहेर काढायची, म्हणजे पुन्हा आठ माणसं. इंजिनही साठ किलोच्या आसपास, रोज उतरवणं शक्य नाही. ते तिथेच वर उचलून ठेवायचं. १८ फुटीचं इंजिन मी घरी नेऊन पिंपातल्या गोड्या पाण्यात दहा मिनिटं चालवतो, मागून पाण्याची धार नीट येते का बघतो, मगच झाकतो. मोठ्या इंजिनाला हे भाग्य आठवड्यातून एकदाच. फरक मेमध्ये दिसला. इंजिनाचा धातू खाऱ्या पाण्याने गंजू नये म्हणून जस्ताची वडी लावलेली असते, ती आधी झिजते. मोठ्याची वडी अर्ध्याहून जास्त झिजली होती, लहानाची जेमतेम कोपरे गोल झालेली.

पैशांचं गणित. जाळ्यापर्यंत जाऊन यायला लहानीला ५-६ लिटर लागतात, मोठीला १३-१४. पेट्रोल शंभराच्या वर, म्हणजे दिवसाला आठशेचा फरक निघतानाच पडतो. लहानीवर दोन माणसं, मोठीवर कमीत कमी चार. आमच्याकडे पेट्रोल वजा करून होडी-जाळ्याचा वाटा काढतात आणि उरलेलं माणसांत. तीस-चाळीस किलोच्या दिवशी मोठीवरच्या चौघांच्या हातात जे पडायचं ते घेताना मलाच ओशाळल्यासारखं व्हायचं. दोनशे किलोच्या वरचे दिवस हंगामात ११ आले. त्या ११ दिवसांनी मोठी होडी तोट्यात जाऊ दिली नाही, एवढंच.

जुनी होडी घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट, ती मला महाग पडली. मागची फळी, जिच्यावर इंजिन बसतं, ती बाहेरून फायबर दिसते पण आत प्लायवूड असतं. माझ्या २६ फुटीला आधी कुणीतरी फिश फाइंडरसाठी, म्हणजे मासे शोधायच्या यंत्रासाठी, तीन भोकं पाडून, यंत्र काढल्यावर ती नुसत्या एम-सीलने बुजवली होती. त्यातून पाणी आत जात राहिलं. नोव्हेंबरात गॅस दिल्यावर इंजिन किंचित मागेपुढे डुलतंय असं जाणवलं. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने फळीवर ठोकत गेलो. वरच्या भागात आवाज टणक, ठक्-ठक्, आणि भोकांच्या खाली एकदम दबका, ओल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखा. क्लॅम्पचा बोल्ट सैल केला तर भोकातून तपकिरी पाणी गळायला लागलं. फळी आतून काढून नवीन प्लाय भरायला १२ दिवस गेले, आणि ते ऐन बांगड्याच्या दिवसांत. घेताना मी इंजिन सुरू करून बघितलं, तळ बघितला, फळी ठोकून नाही बघितली. तुम्ही ठोकून बघा, इंजिन उतरवायला लावून बघा. गिअर ऑइलचा खालचा स्क्रू थोडा सैल करूनही बघा. तेल दुधासारखं आलं तर आत पाणी आहे. बहुतेक वेळा त्याचं कारण पंख्याच्या दांड्यावर गुंडाळला गेलेला जाळ्याचा नायलॉन धागा असतो. तो सील कापतो. माझ्या लहानीला हे दोन वर्षांपूर्वी झालं होतं, तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी पंखा काढून दांडा बोटाने चाचपतो.

आणखी एक. लहानीचं इंजिन मोठीवर जादाचं म्हणून नेता येईल असं मी धरून चाललो होतो. ते जमलं नाही. त्याचा फळीवरून खाली पाण्यात जाणारा दांडा १५ इंची आणि मोठीची फळी २० इंचांची. पंखा पाण्याच्या वरच्या थरातच फिरतो, हवा ओढतो, इंजिन किंचाळतं आणि होडी जागेवर. मोठी होडी घेणार असाल तर जादाचं इंजिन तिच्याच मापाचं लागेल, त्याचा खर्च आधीच धरा.

शेवटी २६ फुटी विकली. नेरूरपारला खाडीकाठी राहणाऱ्या माझ्या मेव्हण्याच्या चुलत्यांनी घेतली. घराच्या पायरीला होडी बांधता येते, आणि घरात तीन तरणे मुलगे. त्यांना ती शोभते. फळी दुरुस्त केलेली आहे हे आधी दाखवलं, जुनं सडलेलं प्लायही दाखवलं, मगच भाव बोललो. ज्यांच्याकडे खाडी आहे आणि घरचीच चार माणसं आहेत, त्यांनी मोठीच घ्यावी, मी तेच सांगेन. माझ्याकडे वाळू आहे आणि आम्ही दोघं भाऊ.

पण मतलई वारा येत्या जानेवारीतही सुटणारच आहे, आणि तो दिवस मी विसरलेलो नाही. आलेल्या पैशातून लहानीच्या नाळेवर दोन्ही बाजूंनी ९ इंच उंचीची फायबरची पट्टी चढवून घेतोय, पुढून चार फुटांपर्यंत, बाहेरच्या अंगाला कललेली, म्हणजे लाट आत न येता बाजूला फेकली जाईल. पुढच्या बंद खणात फोमही भरला, तो मी समोर उभा राहून भरून घेतला. दुसरी १० लिटरची टाकी घेतली. किल स्विचची लाल दोरी, जी ओढली गेली की इंजिन बंद पडतं, ती भाऊ मनगटाला बांधत नसे, ती आता बांधल्याशिवाय मी इंजिनाला हात लावू देत नाही. जाळीही ६ किलोमीटरवरून ४ वर आणायचं ठरवलंय, निदान जानेवारीपुरतं. पट्टीचं काम नारळी पौर्णिमेच्या आधी पुरं होईल असं कारागीर म्हणतोय. काल बघून आलो, डावी बाजू झाली आहे.